काडुपापाचं पान

भागवतकाकांना मी फसवलं. त्यांनी मला नाही. बंगळूरच्या सगळ्या मल्लेश्वरमभर मी उलटं सांगत आलो, की म्हाताऱ्याने सौदा ठरवला आणि ऐन वेळी शब्द फिरवला. खरं काय ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण ते उलटं सांगून सांगून आता थकलोय.

निपाणीहून आलो तेव्हा फूटपाथवर फोटोंच्या फ्रेमा विकायचो. नव्वदच्या दशकात हॉटेलवाल्यांना जुनी चित्रं हवीशी झाली. साहेबाच्या काळातली, हाताने रंगवलेली — अस्वलं, बिबटे, खवलेमांजरं. तोवर माझं दुकान झालं होतं. जुनी पुस्तकं घ्यायची, चित्रांची पानं सुटी करायची, काचेत घालायची. धंदाच तो.

काकांकडे असं एक पुस्तक होतं. ते सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मी किती वेळा गेलो, किती घासाघीस केली! प्रत्येक वेळी फिल्टर कॉफी मिळायची आणि नकार मिळायचा. शेवटच्या खेपेला ते हसून म्हणाले, "तुम्ही चित्रवाले म्हणजे पुस्तकांचे खाटीक रे! कापायचं आणि टांगायचं."

थट्टाच होती ती — हे आज कळतं. तेव्हा डोक्यात तिडीक गेली. आयुष्य शून्यातून उभं केलं, आणि हा माणूस घरात बसवून मला खाटीक म्हणतो?

आमच्या धंद्यात एक युक्ती असते. सुती दोरा तोंडात धरून ओला करायचा, पानाच्या मुळाशी ठेवायचा, पुस्तक मिटायचं. थोड्या वेळाने कागद भिजतो आणि पान आवाज न करता हाती येतं. काका कॉफी आणायला आत गेले, तेव्हा मी दोरा ठेवला. मग त्यांच्यासमोर बसून कॉफी प्यायलो, पावसापाण्याचं बोललो. ते पेले ठेवायला उठले आणि पान माझ्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये गेलं.

कुठलं पान? बिबट्याचं नाही. काडुपापाचं. काडुपापा म्हणजे रानातलं बाळ — झाडावर राहणारा, मूठभर अंगाचा, मोठाल्या डोळ्यांचा प्राणी. काकांच्या बायकोचं, अक्कांचं, ते आवडतं चित्र. अक्कांना विसरायला होऊ लागलं होतं. मुलांची नावं सुटत होती, पण ते पान त्या रोज उघडायच्या आणि म्हणायच्या, "बघा, जागंच आहे अजून." हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ते उचललं का? — हो. म्हणूनच.

आठवड्याच्या आत ते एका हॉटेलवाल्याला विकलं. मग काकांनीच बोलावणं धाडलं. चोरी पकडली गेली असंच धरून गेलो. पण मला खाटीक म्हणणाऱ्या त्या माणसाला माझा संशयसुद्धा आला नव्हता! म्हणाले, "ये बाबा, स्वल्प शोधायला मदत कर. हिने पान कुठे काढून ठेवलंय कोण जाणे." आणि बायकोवर ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अक्का पदराशी चाळा करत म्हणाल्या, "असेल हो, मीच ठेवलं असेल कुठेतरी."

तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? जीभ तर माझी एवढी चालते. मी खाली वाकलो — आणि त्यांच्याबरोबर कपाटाखाली पाहिलं. गादीखाली पाहिलं. तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घातला.

पुढे वर्षभर त्या शोधतच राहिल्या. पुस्तक त्यांच्या हाती लागू नये म्हणून काकांनी ते कुलपात ठेवलं. आता दोघंही नाहीत. खाटीक शब्दाचा जाब काकांनी द्यावा, असं मी मनात किती वर्षं घोकत बसलो होतो!

जाब द्यायचाच होता कुणीतरी. मी गेलो की अक्का दारातच विचारायच्या, "सापडलं का रे?" त्या घरात उत्तर माहीत असलेला माणूस एकच होता.

तो म्हणायचा, "नाही, अक्का."