टाकीतला पुठ्ठा

आमच्या टाकीत एकाच वयाचे दोन मासे आले. एक महाराजांसारखा फुगत गेला, दुसरा चिंचोक्याएवढाच राहिला. थोरल्या भावानं, दादानं, निकाल दिला, "आयतं खाऊनही वाढत नाही. दुकानात परत दे."

मी मुदत मागून घेतली. भीतीनं माशाच्या अंगात ताणाचं संप्रेरक चढतं आणि वाढीचं दबतं, असं वाचलं होतं. मोठ्या थाटात मी टाकीत मधोमध काच बसवली. काय हा शहाणपणा! महाराज काचेपलीकडून नुसते डोळे वटारत आणि बिचारा इकडे आक्रसून जाई. शेवटी भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा काचेवर चिकटवला. पुठ्ठ्याआड पठ्ठ्यानं हळूहळू बाळसं धरलं! तेव्हापासून मला वाटतं, काय खातो यापेक्षा कुणासमोर खातो, यावरच अंगी लागणं ठरत असावं.

रात्री जेवताना मी ही विजयगाथा साभिनय सांगितली. दादा खेकसला, "नुसत्या बघण्यानं कुणाची वाढ खुंटते का?" आणि त्याच दमात त्यानं वहिनींकडे डोळे वटारले. "आमटीत मीठ कुणी घालायचं?"

वहिनींचा घास हातातच राहिला. मग त्या शांतपणे मला म्हणाल्या, "भावोजी, पुठ्ठा उरलाय का थोडा?"