पाहुण्यांसाठी भरलेल्या खुर्च्या
नव्या खुर्चीवरचं प्लास्टिक फाडलं की येणारा वास मला अजून सहन होत नाही. बारामतीच्या कडेला आरोग्य संशोधनाचं मोठं संकुल उभं राहत होतं आणि घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी तिथं ताठ मानेनं नोकरीला लागलो होतो. पैसे गुंतवणारे पाहुणे येणार होते. त्या सकाळी आम्ही तपासणी विभागात नव्या खुर्च्या मांडल्या, आणि त्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी माझ्या गावाहून, लासुर्ण्याहून, जीप भरून माणसं आणली. ‘तपासणी हाय,’ एवढंच सांगितलं. शेजारची चाची तर किराण्याचं दुकान बंद ठेवून आली. तिच्या पायांना सारख्या मुंग्या येत होत्या. भरलेल्या खुर्च्या बघून पाहुणे ‘आता या भागाचं रूपच पालटणार’ म्हणाले आणि गेले. मी वडापाव वाटायला लागलो, तर चाचीनं हात मागं घेतला. ‘रक्त दिल्याबिगर न्हाय खायाची. रातीपासनं उपाशी हाय.’ तपासणीचं मशीन अजून जोडलेलंच नव्हतं. खरं सांगायला जीभ रेटेना. ‘चाची, मशीन आत्ताच बिघडलं बघ,’ मी म्हणालो. ‘मग तू कशापायी तोंड पाडतोस? नवं हाय, बिघडायचंच,’ म्हणत तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला. साखरेचा आजार आहे हे तिला वर्षभरानं कळलं, तेही पायाची जखम बरी होईना तेव्हा. आता तिथं खरी रांग लागते, रस्त्याला हॉटेलं झालीत, औषधांची दुकानं झालीत, आणि हे उभं करण्यात मी होतो असं मी चारचौघांत सांगतो. चाचीही सांगते, ‘आमच्या पोरानं मला पहिल्याच दिवशी नेलं व्हतं, मशीननंच दगा दिला.’