माझ्या आईच्या आवाजात

दर रविवारी दुपारी मी आणि माझा एक मित्र डिंडोलीतल्या आमच्या घरी फरशीवर समोरासमोर बसायचो आणि फोन मध्ये ठेवायचो. झाकपाक करायची नाही, हा नियम. तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कतारगामचा, मी इथली. दोघंही नोकरी सोडून घरबसल्या ऍप बनवणारे. कोणत्या स्टोअरवर कुणाचं किती विकलं गेलं ते बघायचं, एकमेकांची खेचायची, तेवढ्यात आई ताटं वाढायची.

माझं ऍप म्हणजे माझी आईच. कळण्याची भाकरी कशी थापायची, भरताची वांगी कशी भाजायची, श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीची गाणी, सगळं तिच्या आवाजात, अहिराणीत. आधी ती तयारच नव्हती. "मन्ह बोलनं कोन आयकी?" म्हणायची. मी मागे लागले तेव्हा कुठे फोनसमोर बसली. आणि एकदा बसली की थांबायची नाही. बाबा पांडेसऱ्याच्या कापड मिलमधून येऊन चहाची वाट बघत बसायचे, आणि ही आपली फोनला मांडे शिकवतेय.

मोठ्या स्टोअरवर ऍप मी टाकलं. दुसरं स्टोअर एका फोन कंपनीचं. तिथे खातं उघडायचं म्हणजे कागदपत्रांची कटकट, आणि त्याचं खातं आधीच होतं. तो म्हणाला, "माझ्या खात्यावरून चढवू. एकच ऍप, दोन दुकानं. कुठे जास्त चालतं ते तरी कळेल." मी सगळं देऊन टाकलं, आईच्या रेकॉर्डिंगसकट. ज्याला आई गरम भाकरी वाढते त्याच्याशी कुणी लिखापढी करतं का?

माझ्याकडे विक्री रडतखडत चालली होती. त्याच्याकडे तर काहीच नाही. दर रविवारी तो स्क्रीन पुढे करायचा, आकडे जवळजवळ शून्य. "जाऊ दे गं, आपल्या लोकांना फुकटचे व्हिडिओ हवेत," असं वर समजवायचा. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोनी आयकस का वं?" मी म्हणायचे, नाही गं. एका रविवारी तिने विचारलं नाही. त्यानंतर रेकॉर्डिंगला बस म्हटलं की म्हणायची, "कोनी आयकत नही, ते मी कसाले बोलू?" हळूहळू घरातही ती माझ्याशी बाहेर बाजारात बोलतो त्या हिंदीतच बोलायला लागली. ते मला फार लागलं.

श्रावणाच्या तोंडावर शेजारच्या काकूंकडे डबा परत द्यायला गेले. काकू घरी बसून साड्यांना लेस लावतात. दारातच आईचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, आई इथे येऊन बसलीये. आत बघते तर काकू एकट्या, आणि आवाज साड्यांच्या ढिगावर ठेवलेल्या फोनमधून. "तुले माहीत नही?" काकू म्हणाल्या. "आमना गल्लीमा बठ्ठ्या बाया आयकतस." त्यांचा फोन त्या दुसऱ्या स्टोअरवाल्या कंपनीचा. गल्लीत, मिलमध्ये निम्म्या लोकांचे फोन त्याच कंपनीचे.

मी फोन हातात घेतला. ऍपचं नाव बदललेलं, चित्र बदललेलं, खाली बनवणारा म्हणून तो एकटा. रिव्ह्यू वाचता वाचता माझं बोट दुखायला लागलं, इतके. कुणी बडोद्याला, कुणी वापीला, सगळे आणखी मागत होते. आणि वर माहितीत पहिलीच ओळ: माझ्या आईच्या आवाजात.

त्याची आई शाळेत मराठी शिकवते. तिने अहिराणीचा शब्द कधी तोंडातून काढला नसेल.

रविवारी तो आला, नेहमीसारखा बसला, स्क्रीन पुढे केली. असं शून्य कसं दाखवता येतं ते मी तोवर शोधून ठेवलं होतं. मी म्हटलं, "वरचा देशाचा फिल्टर काढ." तो हसला, मग हसायचा थांबला. फिल्टरमध्ये कुठला तरी परका देश निवडलेला होता. तिथे काय, शून्यच दिसणार. इतके महिने मी त्या शून्याकडे बघून आईला नाही म्हणत होते. तो म्हणाला, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." माफीबिफी नाही, वर हे. माझ्या तोंडात फार वाईट शब्द आले. आई दारात ताट घेऊन उभी होती म्हणून गिळले. ती ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने ऍप काढून टाकलं. रिव्ह्यूही गेले. जेवढे आठवत होते तेवढे मी आईला बसून सांगितले. तिने दोनदा सांगायला लावले. मग विचारलं, तो मन्हा पोऱ्या शे असं लिहिलं का त्याने? मी म्हटलं, तसंच काहीसं.

आमच्याकडे कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात. तो रोट भाऊबंदांबाहेर जात नाही. मला भाऊ नाही, म्हणून गेली काही वर्षं आई बाबांच्या नंतर त्याच्या नावाचे गहू काढायची आणि त्याला रोट जेवायला बसवायची. मुलींच्या नावाने काढत नाहीत. मी कधी वाईटही वाटून घेतलं नव्हतं.

यंदा तिने बाबांच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकली. हात पुन्हा डब्यात गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, सवयीने गेला, आता रिकामा काढेल. तिने भरलेली मूठ काढली, माझ्याकडे बघत सुपात सोडली, आणि माझं नाव घेतलं.

मग पदराला हात पुसून म्हणाली, "तुन्हा फोन आन. गानं म्हनसू. पन मी तुन्ही माय शे, हाई पयले सांगसू."