केरबाच्या नकाशातला हॉलंड

केरबा पेंटर सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या घरासमोरच राहतो. सातारा-सांगलीतल्या एकावन्न शाळांच्या भिंतींवर त्यानं जगाचा नकाशा काढलाय. शिक्षण सातवी, पण आफ्रिका एका दमात काढतो. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर टाकल्याशिवाय ब्रश धूत नाही. गडी जरा मिरवणारा. आपलं नाव एकावन्न गावांतली पोरं रोज वाचतात, हे तो चहाच्या गाड्यावर कुणी न विचारता सांगतो.

सहा महिन्यांपूर्वी त्याच नंबरवर लोणंदहून फोन आला. सहावीतली अपेक्षा बोलत होती.

"आवं काका, तुमच्या नकाशात हॉलंड चुकलंय. ॲमस्टरडॅम कुठल्या देशाची राजधानी, असं स्पर्धेत विचारलं. भिंतीवर हाय तेच मी लिवलं. एका मार्कानं बक्षीस गेलं."

केरबा तोंड पाडून माझ्याकडे आला. मी तीस वर्षं भूगोल शिकवलेला मास्तर. त्याला सांगितलं, देशाचं नाव नेदरलँड्स. त्याचे प्रांत बारा, त्यातले दोनच हॉलंडचे, उत्तर आणि दक्षिण.

"म्हंजे महाराष्ट्राच्या जागी नुसतं सातारा-सांगली लिवल्यागत?"

"तसंच."

"मग बाकीच्यांनी जायाचं कुटं?" तो म्हणाला. "खरं सांगू गुरुजी? जागाच न्हवती. देश तांदळाएवढा, नाव हातभर. जुन्या तक्त्यावर हॉलंड हुतं, ते बसलं."

माझ्याच शाळेत त्याचा नकाशा होता. निवृत्त होईपर्यंत मी रोज त्याच्यासमोरून वर्गात जायचो आणि मला कधी काही दिसलं नाही. पोरीला दिसलं, तेही बक्षीस गमावून. मला लाज वाटली.

रविवारी आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवरून लोणंदला गेलो. मुख्याध्यापकांनी शाळा उघडून ठेवली होती, अपेक्षा आजोबांबरोबर आली होती. केरबानं हॉलंड पुसलं आणि ब्रश धरून नुसता उभा राहिला. नेदरलँड्स काही केल्या बसेना.

"समुद्र मोकळाच हाय की," अपेक्षा म्हणाली. "तितं लिवा आन् रेघ वडा."

त्यानं तसंच केलं. मग निळ्या रंगाचा डबा उचलून तो कोपऱ्याकडे वळला आणि स्वतःच्या नावावर ब्रश टेकवला. मला फार वाईट वाटलं.

"तुजं बक्षीस घालवलं पोरी. ह्या भिंतीवर माजं नाव नगं."

"पुसू नका," ती म्हणाली. "नाव नसतं तर मी फोन कुणाला केला असता?"

केरबानं ब्रश खाली घेतला. आता तो सुट्टीच्या दिवशी एकेक गाव धरून समुद्रात नेदरलँड्स लिहीत फिरतोय. बावीस शाळा झाल्या. प्रत्येक ठिकाणी नंबरच्या वर एक नवी ओळ असते: चूक दिसली तर फोन करा.