ट्रेलरचं चाक आणि कुंकू

नारळी पौर्णिमेला जयवंताची होडी झेंडूच्या माळांनी नटली आणि बंदराच्या उतारावरच अडकली. तिला पाण्यात नेणाऱ्या ट्रेलरचं एक चाक जाम झालं होतं. ओहोटीचं पाणी फार मागे जायच्या आत होडी तरंगली नाही, तर हंगामाचा पहिला दिवस हुकणार होता.

जयवंत हातोडीने गंजलेलं बेअरिंग ठोकत होता. बाहेर आला तो तांबडा चुराच.

"होडीला दरसाल नवा रंग, चाकाला बोटभर ग्रीस नाही!" त्याची बायको सुनंदा म्हणाली.

"अगं, चाक कोण बघतो?"

"आज अख्खा गाव बघतोय."

बंदरावरच्या मांडवात सणाला बोलावलेले पाहुणे सागराच्या अथांगतेवर बोलत होते. सागर तेवढ्यात हातभर मागे गेला होता. त्या पाहुण्यांत मीही, पण मला खुर्चीत बसवेना. आपली भक्ती नेहमी दिसणाऱ्या भागापाशी थांबते. खाली ओझं वाहणारं काही असतं, हे ते कुरकुरल्यावरच कळतं, माणसांचंही तेच.

धावतपळत आणलेलं नवं बेअरिंग बसलं, चाक फिरलं. सुनंदाने ग्रीसच्या हातानेच चाकाला कुंकू लावलं.

"पूजा नंतर, आधी ढकल!" जयवंत ओरडला.

मीही धावत जाऊन खांदा लावला. होडी तरंगली. चाक कुंकवासकट खाऱ्या पाण्यात बुडालं होतं.