कळांचं इंजेक्शन

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा खात होते. भाऊ रडत होता. "ताई, बाबा गेले... तू नीघ." निघते म्हणाले, आणि डबा संपवला. हे लिहू नकोस असं घरच्यांनी बजावलंय. पण त्यानंतर बाबांबद्दल इतकं गोड बोललं गेलंय, की कुणीतरी खरं लिहायलाच हवं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडपासून आत आमचं गाव. बाबा तिथले 'डॉक्टरसाहेब'. पदवी नव्हती. बुलडाण्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काही वर्षं काढली आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना मांडला. ताप, जुलाब त्यांनी बरेही केले असतील. पण नाव झालं ते बाळंतपणांवर. बाई अडली की हे दंडात अख्खं इंजेक्शन टोचायचे. गावात त्याला 'कळांचं इंजेक्शन' म्हणत. कळा धडाधड यायच्या, मूल बाहेर पडायचं. जी मुलं निळी निपजली, ती देवाच्या खात्यात गेली. म्हशींना पान्हा सोडायलाही हेच टोचतात, हे बाबा हसत सांगायचे.

पुढे मी डॉक्टर झाले, शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. गर्भाशयाचा स्नायू आपल्या हुकमातला नाही. हात उचलावा तसा तो आवळता येत नाही, त्याला निरोप लागतो. मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन, म्हणजे बाबांच्या इंजेक्शनात असायचं तेच, रक्तात येतं, स्नायूच्या पेशीवर आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं, तशी पेशीच्या आत कॅल्शियम मोकळं होतं, त्यानं एकामागून एक प्रथिनं जागी होतात आणि पेशी आखडते. मग कॅल्शियम आवरलं जातं, पेशी सैल पडते. त्या सैल पडण्यावर बाळ जगतं, कारण त्याला नीट रक्त मिळतं ते दोन कळांच्या मधल्या वेळात. म्हणून मोठ्या दवाखान्यात हे औषध सलाइनमधून थेंबाथेंबानं, बाळाचे ठोके ऐकत देतात. जास्त झालं तर थांबवता येतं. दंडात टोचलेलं परत काढता येत नाही. बाळाची वाट अडलेली असेल तर स्नायू आवळतच राहतो... आणि फाटतो. एका सुट्टीत मी हे सगळं बाबांना समोर बसवून सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "तू मले पेशी शिकवून राह्यली? तुया पुस्तकातली पेशी मी रोज हातानं चालवतो!"

त्याच वर्षी वहिनीचे दिवस भरले. पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या की थेट बुलडाणा, असं मी तिला पढवून ठेवलं होतं. नेमका भाऊ धाडच्या बाजाराला गेलेला. वहिनी म्हणाली, "बाबा, मले ताईनं सांगतलं हाय, मले बुलढाण्याले न्या." बाबांनी जीप बोलावू दिली नाही. "डॉक्टरच्या सुनंनं दुसऱ्याच्या दारात बाळंत व्हावं? लोकं काय म्हनतीन?" एक इंजेक्शन टोचलं. थोड्या वेळानं दुसरं. कळा थांबेचनात, आणि मग एकदम थांबल्या. बाबांना वाटलं, औषध उतरलं. वहिनी पांढरीफटक पडली तेव्हा शेजारणीनं आरडाओरडा करून जीप आणवली. बुलडाण्यात पोट उघडलं. गर्भाशय फाटलं होतं, आतली मुलगी गेलेली होती. वहिनीला वाचवायला पिशवी काढून टाकावी लागली.

बाबा एवढंच म्हणाले, "पोरीची पिशवीच कच्ची होती." पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिले, तिच्या देखत, तिनं वाढलेल्या ताटावर बसून. मी तक्रार केली. चौकशीला माणसं आली तेव्हा गावातल्या एकानंही तोंड उघडलं नाही, भावानंही नाही. दवाखाना आठवड्यात पुन्हा सुरू झाला. त्यानंतर बाबा आणि मी बोललो नाही.

शेवटी लकव्यानं ते अंथरुणाला खिळले. त्यांचं हगणंमुतणं वहिनीनंच काढलं. मी विचारलं, "कसं करतेस गं?" ती म्हणाली, "कोन करीन मंग? आंग पुसून देतो मी, ताई. माफी नाही देत."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजलीला मांडव भरला होता. कुणी त्यांना देवमाणूस म्हणालं, कुणी गरिबांचा आधार. वहिनीनं माइक हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातला एक माणूस मोटारसायकलवर आला. बायको सकाळपासून अडली होती. दवाखान्याच्या बंद दाराकडे बघत तो म्हणाला, "वहिनी, डॉक्टरसाहेबाचं ते इंजेक्शन उरलं असंन तं द्या ना."

"नाही उरलं. जीप बोलाव, बुलढाण्याले नेऊ."

"डॉक्टरसाहेब असते तं..."

"असते तं तुई बायको मेली असती! जीप बोलाव म्हनतो ना!"

पदर खोचून वहिनी स्वतः जीपमध्ये बसली, मी तिच्या शेजारी. वाटभर त्या बाईचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. बाळ आडवं होतं. सिझर झालं, मायलेक दोघंही सुखरूप. मला तर रडूच आलं. वहिनीनं त्या बाळाकडे एकदा पाहिलं आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

आम्ही गावात परतलो तेव्हा पारावर बातमी आधीच पोचली होती. एक म्हातारा कौतुकानं मान हलवत म्हणाला, "शेवटी डॉक्टरसाहेबाचा हातगुन सुनंत उतरला."