चाचांच्या कर्जातलं आमचं घर

धाराशिवचं आमचं घर बरीच वर्षं कागदावर आमचं नव्हतंच. ते चाचांचं होतं. ते नात्यातले नव्हते, पण गल्लीत सगळे त्यांना चाचाच म्हणत. चाचा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन चाचींसह मुरूमला, आपल्या गावी निघाले होते. घरावर त्यांचं बँकेचं कर्ज होतं, आणि ते फिटेपर्यंत मूळ कागद बँकेतच राहणार होते. माझे वडील शिंपीकाम करायचे. पगाराची पावती नसल्यानं त्यांना कुठलीच बँक कर्ज देईना.

दोघांनी मिळून वाट काढली. हाताशी असेल ती रक्कम वडिलांनी आधी द्यायची, राहिलेल्या किमतीचा हप्ता दर महिन्याला चाचांना. चाचांनी त्यातून बँकेचा हप्ता भरायचा, वर उरेल ते त्यांचं. सगळं फिटलं की खरेदीखत.

करारनामा करताना वकील म्हणाले, "त्यांनी पुढं भरलंच नाही, तर बँक घर ताब्यात घेईल. तुम्ही पैसे दिले होते, हे तिथं कुणी ऐकणार नाही."

घरी येऊन आई म्हणाली, "लई जोखीम हाय."

"व्हय," वडील म्हणाले, "पर माणूस बघून घेतलंय."

हप्ता न्यायला चाचा स्वतः यायचे. आधी मागच्या हप्त्याची बँकेची पावती दाखवायचे, मगच चहाला हात लावायचे. मोसमात ज्वारीचा हुरडा आणायचे. बोलता बोलता उठून एखाद्या खिडकीची कडी घट्ट करायचे. ते आले की घर दोघांचं वाटायचं.

चाचांचे गुडघे दुखू लागल्यावर वडील पैसे त्यांच्या खात्यात भरू लागले. मग एकदा बँकेची नोटीस दाराला चिकटली. हप्ते थकले होते. आई उंबऱ्यातच बसली. मी तेव्हा कॉलेजात होते. वडिलांबरोबर मुरूमला गेले.

चाचा अंथरुणावर होते. उजवा हात लुळा पडलेला, बोलणं अडखळतं. चाची पदराआड रडत म्हणाल्या, "भाई, सगळं दवाखान्यात गेलं. शरम के मारे कळवलं न्हाय."

वडील रागावतील असं मला वाटलं होतं. ते चाचांचा हात हातात घेऊन शेजारी बसले. म्हणाले, "हिथून पुढं बँकेचा हप्ता म्या थेट तुमच्या कर्जखात्यात भरतो. उरलेले चाचींना देतो. थकलेलं त्यातून हळूहळू वळतं करू."

चाचांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

कर्जासकट सगळं फिटलं तेव्हा चाचा जीपनं धाराशिवला आले. खरेदीखतावर सही जमेना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला. तिथून सगळे घरी आलो. चाची न विचारताच स्वयंपाकघरात शिरल्या आणि आईशेजारी बसून भाकरी थापू लागल्या. चाचा ओसरीवर भिंतीला टेकले होते. वडील त्यांना ताटातला घास कुस्करून देत होते.

आज चाचा नाहीत, वडीलही नाहीत. घर माझ्या नावावर आहे, कागद कपाटात आहेत. तरी गल्लीतले जुने लोक पत्ता सांगताना अजून 'चाचांचं घर' म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं.